सेल्फ जळला खरा, पण जाळला कुणी? २४ व्होल्टच्या ट्रकची एक केस

तक्रार एका ओळीची होती. गाडी गरम झाली की सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) उचलत नाही.

ट्रक सहा सिलिंडरचा डिझेल, २४ व्होल्टची सिस्टिम म्हणजे १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि पाठीवर सोलेनॉइड (चावी मारली की मोटरला जाड करंट जोडणारा चुंबकी स्विच) असलेला नेहमीचा मोठा सेल्फ. सकाळी थंड असताना चालू व्हायचा, फक्त जरा जड ओढायचा, पण ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. लोड घेऊन धावून आला, बंद केला आणि अर्ध्या तासाने चावी मारली की आतून एकच "टक", आणि मग शांत. परत मारा, परत टक. असं करत करत कधीतरी उचलायचा, नाहीतर ड्रायव्हर खाली वाकून लोखंडी टॉमीने सेल्फच्या बॉडीवर एक ठोका द्यायचा आणि मग एका झटक्यात चालू. शेवटी शेवटी त्याने माल उतरवताना इंजिन बंद करणंच सोडून दिलं होतं.

मागचा इतिहास असा, की हा सेल्फ आधी एकदा रिपेअर होऊन बसला होता, काही महिने मस्त चालला आणि मग हळूहळू परत तेच. मग कुणीतरी बॅटरी डाऊन असणार म्हणून सांगितलं, दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या, फरक शून्य. आता मालक म्हणत होते नवाच सेल्फ टाका एकदाचा, आणि ड्रायव्हरचं पण तेच, "दादा, सेल्फच गेलाय, नुसता खोलून बदला, बाकी कशात हात घालू नका."

सेल्फ गेलाय हे मला पण पटलेलं. पण काही महिन्यांत दुसऱ्यांदा का गेला याचं उत्तर सेल्फच्या आत मिळणार नव्हतं, आणि एकदा का सेल्फ खाली काढला की ते उत्तर शोधायची संधी पण जाते, कारण जे काही मोजायचंय ते सेल्फ जागेवर असताना, त्याच्यातून करंट जात असतानाच मोजता येतं. म्हणून पाना बाजूला आणि मीटर हातात.

मीटरच्या आधी एक फुकटची टेस्ट असते ती केली. हेडलाइट लावायचे आणि चावी मारायची. टक वाजून दिवे एकदम मंद झाले, जवळपास विझलेच, तर एकतर बॅटरीत दम नाही, किंवा मोटर भरमसाट करंट खातेय, किंवा इंजिनच अडकलंय. टकटकटकटक अशी बडबड चालू झाली तर बॅटरी किंवा कनेक्शन, क्वचित सोलेनॉइडचं होल्डिंग वाइंडिंग (ओढलेला सोलेनॉइड धरून ठेवणारी तारेची गुंडाळी) तुटलेलं. आणि एकच टक वाजला पण दिवे जसेच्या तसे राहिले, तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये. इथे तिसरं. दिवे हलले पण नाहीत. म्हणजे गरम असतानाच्या बिघाडात तरी बॅटरी निर्दोष, हे त्या नव्या बॅटऱ्या घेण्याआधी एका मिनिटात कळलं असतं.

इंजिन अडकलेलं नाही ना हे पण बघून घेतलं, पुढच्या पुलीच्या बोल्टवर लांब दांडा लावून हाताने पूर्ण फिरवलं, नीट फिरलं. डिझेलमध्ये ही सवय चांगली, कारण सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साठलेलं असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, आणि तशात सेल्फ मारत बसलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग सेल्फचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटतो.

आता बॅटऱ्या. गाडी रात्रभर उभी होती, दोन्ही मिळून २५.३ व्होल्ट, वेगवेगळ्या मोजल्या तर १२.६६ आणि १२.६४. वेगवेगळ्या मोजायच्याच. एकत्र २५ दिसलं म्हणून खूश व्हायचं नाही, कारण एक दमदार आणि एक अर्धमेली असली तरी बेरीज बरी दिसते आणि लोड आला की अर्धमेली आधी बसते. आणि ट्रकमध्ये हे होतंच, कारण टेप नाहीतर पंखा १२ व्होल्टचा असतो आणि कुणीतरी त्याची वायर खालच्या एकाच बॅटरीवरून घेतलेली असते, मग ती एक कायम उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज. इथे तसली वायर नव्हती.

मग खरी मोजणी. पंपाच्या फ्युएल कट सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ठोकळे, आणि आत एक माणूस चावीवर. इंजिन थंड होतं त्यामुळे सेल्फ उचलत होता. एका वेळी पाच-सात सेकंदच फिरवायचं, मध्ये मोटरला दोन मिनिटं तरी थंड होऊ द्यायचं.

फिरताना बॅटरीच्या पोलवर २१.८ व्होल्ट. चांगला आकडा आहे, १९ च्या वर राहिला की माझी तक्रार नसते. तेच मीटर सेल्फवर लावलं, एक टोक ३० नंबरच्या जाड बोल्टवर (बॅटरीची प्लस केबल येते तो), दुसरं सेल्फच्या बॉडीवर, आणि तिथे १८.९. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या २१.८ मधले २.९ व्होल्ट वाटेतच गायब.

वाट म्हणजे दोन बाजू. लोक प्लसची जाड केबल बघतात, तिचा लग (टोकाची धातूची कडी) हलवून बघतात, पांढरी भुकटी आली असेल तर गरम पाणी ओततात, आणि मायनसकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण जेवढा करंट प्लसमधून जातो तेवढाच मायनसमधून परत यावा लागतो, एक ॲम्पियर पण कमी नाही. म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस पोलवर (लगवर नाही, खुद्द पोलच्या शिशावर), दुसरं सेल्फच्या ३० वर, आणि चावी मारली, ०.७ व्होल्ट. फार काही भूषण नाही पण चालतं. मग एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर आणि दुसरं सेल्फच्या बॉडीवर, चावी मारली, आणि २.२.

२४ व्होल्टमध्ये एका बाजूला अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेले तर मी सोडून देतो, एकच्या वर गेले की शोधायला लागतो. इथे सव्वादोन. मग तोच रस्ता तुकड्यातुकड्याने मोजला. बॅटरी मायनस ते चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) बोल्ट ०.२, इंजिन ब्लॉक ते सेल्फची बॉडी ०.१, आणि मधला तुकडा, चासी ते इंजिन ब्लॉक, १.९. चोर सापडला.

चासी आणि इंजिन यांच्यामध्ये एक विणलेली तांब्याची अर्थ पट्टी असते, कारण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. ती पट्टी ह्या गाडीत होती, तुटलेली नव्हती, लटकत पण नव्हती, वरवर बघणाऱ्याला ठीकच वाटली असती. पण इंजिनाकडच्या टोकाला वेणीतले निम्मे तरी धागे तुटून केसांसारखे बाहेर आलेले, उरलेले हिरवे पडलेले आणि बोटाने चोळले की चुरा होत होता. चासीकडचं टोक त्याहून मजेशीर, लगच्या खाली रंग. मध्यंतरी चासीला वेल्डिंग करून काळा रंग मारला होता, तेव्हा पट्टी सोडली आणि परत जोडताना रंगावरच बोल्ट आवळला, त्यामुळे संपर्क फक्त बोल्टच्या आट्यांमधून जेवढा मिळेल तेवढाच. पाच सेकंद सेल्फ मारून त्या लगला हात लावला तर बोट टेकवत नव्हतं.

आता इथे जरा थांबून एक हिशोब, कारण हा पटला की अर्धी विद्या आली. क्लॅम्प मीटरवर (केबलभोवती अडकवून करंट मोजतात ते मीटर) फिरताना सरासरी ४०० ॲम्पियरच्या आसपास दिसत होते. १.९ व्होल्ट भागिले ४०० म्हणजे ०.००५ ओहमला पण जरा कमी. पाच मिलीओहम. ही पट्टी तुम्ही मल्टीमीटरच्या ओहमवर लावून किंवा बझर वाजवून तपासली तर बझर छान वाजणार, स्क्रीनवर शून्य पॉइंट काहीतरी येणार, आणि ते काहीतरी म्हणजे मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स. बझर वाजायला एक धागा शिल्लक असला तरी पुरतो. टेस्ट लॅम्प पण पेटतो, कारण त्याला अर्धा-एक ॲम्पियर लागतो. पण ४०० ॲम्पियर ओढले की तोच पाच मिलीओहम १.९ व्होल्ट गिळतो, आणि १.९ गुणिले ४०० म्हणजे ७६० वॅट त्या एका पट्टीत नुसते गरमीत जातात. म्हणून जाड करंटच्या वाटेवर कंटिन्युइटी बघून "वायर ओके" म्हणायचं नाही, करंट वाहत असताना व्होल्टेज ड्रॉप बघायचा. दुसरा कुठलाही मार्ग मला भरवशाचा वाटत नाही.

आणि जो करंट पट्टीतून जात नाही तो दुसरी वाट शोधतो हे पण लक्षात घ्या. ॲक्सिलरेटरची केबल, गिअरची लिंकेज, प्रोपेलर शाफ्ट, जिथे म्हणून इंजिन आणि चासी लोखंडाने जोडलेत तिथून तो घुसतो. ॲक्सिलरेटरची केबल विनाकारण जड झाली, तिचं आतलं प्लॅस्टिक वितळलं, अशी तक्रार आली तर आधी अर्थ पट्टी बघा.

इथपर्यंत जड का ओढतोय ते कळलं. पण गरम झाल्यावर उचलतच नाही, दिवे हलत नाहीत, त्याचं उत्तर अजून बाकी होतं. गाडी लोडसकट फिरवून आणायला सांगितली, बंद करून तशीच गरम उभी ठेवली, आणि बिघाड आला तसे लगेच तीन आकडे घेतले. ३० वर २४.९. बरोबर, कारण करंटच नाही तर ड्रॉप कुठला. ५० नंबरवर, म्हणजे चावीकडून सोलेनॉइडला येणाऱ्या बारीक वायरवर, १७.३. आणि सोलेनॉइडमधून मोटरमध्ये जाणारा जो खालचा बोल्ट, त्यावर शून्याच्या आसपास.

तिसऱ्या आकड्याने सेल्फचा निकाल लागला. टक वाजतो म्हणजे प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकता दांडा) आत ओढला जातोय, पण आतली तांब्याची चकती दोन बोल्टना जोडतच नाहीये. खालच्या बोल्टवर वीस-बावीस व्होल्ट येऊनही मोटर गप्प राहिली असती तर आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) किंवा त्याला करंट देणाऱ्या कार्बनकडे बोट गेलं असतं. अजून एक बारीक गोष्ट, सोलेनॉइडमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक जोरात ओढणारं आणि एक धरून ठेवणारं, त्यातलं ओढणारं वाइंडिंग आपला अर्थ मोटरच्या कार्बनमधूनच घेतं. म्हणजे कार्बन पूर्ण टेकणं सोडून बसले असतील तर बऱ्याचदा टक पण नीट वाजत नाही, आणि लोक सोलेनॉइड गेला म्हणून नवा टाकतात.

आणि दुसरा आकडा, १७.३, तो मला जास्त खटकला. वर २४.९ आहेत आणि बारीक वायरवर साडेसात व्होल्ट कमी. ५० वर निदान वीस तरी हवेतच असं मी धरून चालतो. वायर धरून मागे गेलो तर स्टार्टर रिलेच्या जागी रिले नव्हता, सॉकेटमध्ये एक वायरचा तुकडा घालून वर टेप गुंडाळलेला. कधीतरी रिले गेला असणार, रस्त्यावर वेळ मारून न्यायला कुणीतरी डायरेक्ट केलं असणार, त्याला माझा आक्षेप नाही, रात्री आडवाटेला मी पण तेच करीन. पण मग ते तसंच राहून गेलं. रिले असताना चावीतून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, एक ॲम्पियरच्या आतला करंट जातो आणि सोलेनॉइडचा मोठा करंट रिलेचे कॉन्टॅक्ट वाहतात. रिले काढल्यावर तो अख्खा करंट बॅटरीपासून केबिनमध्ये, चावीच्या चिमुकल्या कॉन्टॅक्टमधून, परत खाली, एवढा प्रवास बारीक वायरने करायला लागला. चावीचे कॉन्टॅक्ट काळे पडले, वायर कडक झालेली, आणि साडेसात व्होल्ट तिथे खर्च.

गरम झाल्यावरच का, तर तांबं गरम झालं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के. इंजिनाच्या पोटाशी चिकटलेला सोलेनॉइड २० वरून ९० डिग्रीला गेला तर ७० डिग्रीत साधारण सत्तावीस टक्के वाढ, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला करंट पाचव्या भागाने कमी आणि ओढ कमी. थंड असताना १७ व्होल्टवर कसाबसा प्लंजर पूर्ण दाबायचा, गरम झाला की टक वाजण्याइतका सरकायचा पण चकती दाबून धरण्याइतका जोर नाही. टॉमीचा ठोका कामाला यायचा तो याचमुळे, हादऱ्याने चकती जरा सरकून कुठेतरी चांगल्या जागी टेकायची.

आता दोन्ही चोर एकत्र ठेवून बघा म्हणजे सेल्फ का जळत होता ते दिसेल. चावी मारली, कमी व्होल्टमुळे प्लंजर आळसात सरकला, चकती बोल्टना हलकेच टेकली. त्याच क्षणी मोटर अजून स्थिर असते, स्थिर मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, फिरतानाच्या दुपटीहून पण जास्त. तेवढ्या करंटला ती कुजकी अर्थ पट्टी दोन नाही, चार-पाच व्होल्ट खाते, बॅटरी पण क्षणभर खाली बसते, आणि नेमकं तेव्हाच ओढणारं वाइंडिंग आपोआप बाद होतं, कारण चकती जुळली की त्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं. मागे उरलं एकटं धरणारं वाइंडिंग, तेही अर्ध्या पोटी. मग चकती थरथरते, सुटते, परत टेकते, आणि प्रत्येक सुटण्याला शेकडो ॲम्पियरची ठिणगी. वेल्डिंगच म्हणा ना. तिकडे मोटरला व्होल्ट कमी म्हणून ती हळू फिरते, हळू फिरते म्हणून डिझेल पेटायला वेळ लागतो, वेळ लागतो म्हणून ड्रायव्हर चावी धरून ठेवतो, आणि कार्बन तापत राहतात. डिझेलला स्पार्क नाही, हवा दाबून जी उष्णता होते तिच्यावर सगळं, आणि इंजिन मिनिटाला शंभर-सव्वाशे फेऱ्यांच्या खाली फिरलं की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांवरून निसटते, उरलेली उष्णता सिलिंडरची भिंत खाते, मागून नुसता पांढरा धूर.

म्हणजे मागच्या वेळी सेल्फ करणाऱ्याने काम वाईट केलं असं मी म्हणणार नाही. त्याने सेल्फ केला असेल चांगला, टेबलावर मोकळा फिरवून दाखवला असेल, आणि टेबलावर तो फिरणारच, तिथे ना इंजिनाचा लोड ना गाडीची अर्थ पट्टी.

यानंतर सेल्फ काढला. बॅटरीचा मायनस आधी, नेहमीच. सेल्फवरच्या ३० नंबरच्या बोल्टला थेट बॅटरी असते, बहुतेक गाड्यांत मध्ये फ्यूज नाही, पाना तिथून चासीला टेकला तर पाना जातो आणि हातातली अंगठी-कडं असेल तर हात पण. वरचा बोल्ट दिसत नाही, हातानेच चाचपडून काढावा लागतो, आणि शेवटचा बोल्ट सोडायच्या आधी खालून आधार द्यायचा, वजन चांगलंच असतं.

सोलेनॉइडची टोपी खोलली तर अपेक्षेप्रमाणेच. चकतीच्या कडेला दोन ठिकाणी खड्डे, एका बोल्टचं डोकं अर्धं खाल्लेलं, आत काळी पूड आणि तांब्याचे बारीक गोल मणी, वितळून उडालेले. चकती उलटी करून बसवता येते आणि काही डिझाइनमध्ये बोल्ट पण अर्धा फिरवून नवी बाजू पुढे आणता येते. वेळ निभावून न्यायला ठीक आहे, पण इथे सोलेनॉइड अख्खा बदलला, कारण त्या गरमीत वाइंडिंगचं वार्निश पण करपलेलं दिसत होतं.

मोटरमध्ये चार कार्बन, त्यातला एक इतका झिजलेला की त्याची तांब्याची शेपटी होल्डरला टेकून पुढे सरकायला जागाच नव्हती. कार्बन दाबणाऱ्या दोन स्प्रिंगांवर निळसर झाक, म्हणजे ताव उतरलेला, दाब गेलेला. स्प्रिंग न बदलता नुसते नवे कार्बन टाकणारे बरेच असतात आणि मग कार्बन चांगले येत नाहीत हल्ली म्हणतात. कम्युटेटर (आर्मेचरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, ज्यावर कार्बन टेकतात) काळा पण गोल होता, लेथवर अगदी हलका हात मारला आणि पट्ट्यांमधला अभ्रक खाली घेतला, अर्धा-पाऊण मिलिमीटर. कम्युटेटरला एमरी पेपर लावायचा नाही, त्याचे कण तांब्यात रुततात आणि कार्बन खातात, बारीक काच पेपर चालतो. आर्मेचर ग्राउलरवर (आतला शॉर्ट शोधायच्या यंत्रावर) तपासलं, शॉर्ट नाही, बॉडीला पण लागत नव्हतं.

पुढच्या बाजूचा बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) मात्र ढिला. आर्मेचरच्या अंगावर एका बाजूने चकचकीत पट्टा दिसत होता, म्हणजे फिरताना ते पोल शूला (भोवतीच्या स्थिर चुंबकी लोखंडाला) घासत होतं. हा पट्टा दिसला की बुश बदलल्याशिवाय जोडायचं नाही, बाकी सगळं नवं टाकलं तरी सेल्फ जडच ओढणार. नवे बुश तेलात भिजवून मग ठोकले. बेंडिक्स (सेल्फच्या टोकाचा, इंजिनाच्या दातांत अडकणारा छोटा गिअर) एका बाजूला मोकळा फिरत होता, दुसऱ्या बाजूला पकडत होता, दातांची टोकं थोडी मोडलेली, तो बदलला. एक सांगतो, जुना बेंडिक्स ठेवणार असाल तर तो डिझेलमध्ये बुडवून धुवू नका, आतल्या क्लचचं ग्रीस धुऊन जातं आणि मग थोड्याच दिवसात नुसता गरगर फिरतो, इंजिन हलत नाही.

सेल्फ जागेवर बसवायच्या आधी नवी अर्थ पट्टी. तशीच विणलेली, पण थोडी जास्त जाड घेतली आणि इंजिन हलतं म्हणून थोडी ढील ठेवून. चासीवरचा रंग लगच्या आकाराएवढा खरवडून पांढरं लोखंड काढलं, लग थेट लोखंडावर, वॉशर वरून, लग आणि चासीच्या मध्ये काही नाही. घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आवळायच्या आधी रंग लागू द्यायचा नाही, नंतर हवा तेवढा मारा. ब्लॉकवर पण तेच. प्लस केबलचे दोन्ही लग घासून घेतले. रिले नवा, २४ व्होल्टचा, आणि सॉकेटला आलेली करपलेली वायर कापून चांगल्या जाडीची टाकली. चावीचं स्विच पण बदलावं लागलं, त्याचे कॉन्टॅक्ट घासून उपयोग नव्हता.

परत तेच आकडे, तसेच, फ्युएल कट करून. बॅटरीवर २२.१, सेल्फवर २१.३. प्लस बाजूला ०.४, मायनस बाजूला ०.४. क्लॅम्प मीटरवर करंट आधीपेक्षा किंचितच कमी, कारण इंजिन फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढा करंट मोटर घेणारच, व्होल्ट वाढले त्याचा फायदा वेगात दिसतो, आणि तो कानाला कळत होता. गाडी लोडसकट फिरवून गरम उभी करून ५० नंबर मोजला, २२.६. फ्युएलची वायर जोडली, चावी, आणि दुसऱ्या कॉम्प्रेशनलाच इंजिन पेटलं. ड्रायव्हरने मुद्दाम बंद-चालू करून बघितलं बऱ्याच वेळा, शेवटी मीच थांबवलं, मोटरला पण दम घेऊ दे म्हटलं.

मालकांना जुना सोलेनॉइड आणि जुनी पट्टी दोन्ही हातात दिलं. त्यांना पट्टीच जास्त खटकली, "एवढ्याशा चिंधीपायी?" म्हणाले. मी म्हटलं शेठ, दर सर्व्हिसिंगला मीटर लावून फक्त मायनस बाजूचा ड्रॉप बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक काम राहिलंय, ते मुद्दाम ठेवलंय. सेल्फ बाहेर असताना त्या भोकातून फ्लायव्हीलची रिंग (इंजिनामागच्या जड चाकाभोवतीची दातेरी कडी, सेल्फ हिलाच पकडतो) पूर्ण फिरवून बघितली होती. सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही, कॉम्प्रेशन अडवतं म्हणून साधारण तीनच जागांच्या आसपास थांबतं, चार सिलिंडरचं दोन जागांवर, त्यामुळे रिंगचे दात सगळीकडे सारखे झिजत नाहीत, त्या तीन जागीच झिजतात. इथे दोन जागा ठीक आहेत, तिसऱ्या जागी सात-आठ दातांच्या तोंडाला चांगलीच गोलाई आलीय. आज बेंडिक्स नवा आहे म्हणून पकडतोय, पण त्या जागी कधीतरी करकर होणार. नुसत्या रिंगसाठी गिअरबॉक्स उतरवण्यात अर्थ नाही, क्लचचं काम निघेल तेव्हा रिंग पण करा असं सांगितलंय. तोपर्यंत करकर आवाज आला तर ड्रायव्हरने लगेच चावी सोडायची, पुलीवरून इंजिन हाताने थोडं पुढे सरकवायचं आणि मग मारायचं. तीच चावी दाबून धरली तर नवा बेंडिक्स पण त्या दातांच्या मापाचा होऊन बसेल.